खंडेनवमीच्या म्होरक्या

तुंगार्ली, लोणावळा
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय सारिका,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवलं असशील तर मी समजू शकते. पण तू उघडशील. परंदवडीला घोड्यांच्या संशोधन केंद्राच्या क्वार्टरमध्ये माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायचीस तेव्हा टपालात आलेलं प्रत्येक पाकीट तुलाच उघडायचं असायचं, आत नुसतं औषधांचं माहितीपत्रक असलं तरी.

तुझे आबा आजारी आहेत. तुझ्या आईने, रतनबाईंनी, फोनवर सांगितलं असेल, पण किती ते सांगितलं नसेल. दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून दोनदा तळेगावला डायलिसिस असतं. त्यांना नेणं-आणणं तुझा चुलतभाऊ निवृत्ती करतो. मी मागच्या गुरुवारी परंदवडीला जाऊन आले. आबा ओट्यावर बसले होते. हातावर सुया टोचून टोचून निळे फुगवटे आलेत. ते मला दाखवत म्हणाले, "बगा बाई, इतकी वर्सं म्या घोडी धरली आन् तुमी टोचलं. आता मला धरून टोचत्यात. मी आपला गुमान उभा ऱ्हातो. लाथ न्हाई मारत."

मी हसले. मग ते म्हणाले, "सारीचा फोन येतो. आईसंगं बोलती."

एवढंच. तक्रार म्हणून नाही, हवा-पाण्याबद्दल सांगावं तसं.

म्हणून लिहिते आहे. त्यांच्याशी बोल. दोन मिनिटं बोल. आयर्लंडमध्ये पाऊस पडतोय, घोड्यांना हिरवा चारा भरपूर आहे, एवढं सांगितलंस तरी त्यांना महिनाभर पुरेल.

इथे तुंगार्लीच्या तळ्यावर सकाळी धुकं असतं. मी काठी घेऊन धरणाच्या भिंतीपर्यंत जाते आणि परत येते. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. अजूनही रस्त्यात पर्यटकांचं एखादं टट्टू दिसलं की पाय आपोआप थांबतात आणि मी त्याच्या नाकाकडे बघते, पाणी येतंय का म्हणून.

तू विचारशील, मावशी फोन का करत नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दर शनिवारी घरी पत्र लिहायला बसवायचे. सिस्टर बर्नार्डिन प्रत्येक पत्र वाचून मगच पाकीट बंद करायच्या. त्यामुळे शुद्धलेखन सुधारलं, आणि एखादी गोष्ट न सांगता पत्र कसं पुरं करायचं तेही आम्ही तिथेच शिकलो.

आयर्लंडला जाताना तू मला मेल केली होतीस, 'आबांच्या वतीने मी माफी मागते.' मी उत्तर दिलं होतं, 'झालं गेलं विसरून जा.' ते उत्तर बरोबर नव्हतं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

तुझी,
इरावतीमावशी


तुंगार्ली
६ सप्टेंबर २०२५

प्रिय सारिका,

फोनवर तुझा निरोप आला. 'पत्र मिळालं. आबांशी काय बोलू? त्यांच्या पूजेपायी तुमचं आयुष्यभराचं काम गेलं. अकरा शिंगरं गेली. मला अजून लाज वाटते.'

हा निरोप मी दिवसभर वाचला. उत्तराची दोन पत्रं लिहिली आणि फाडली. हे तिसरं.

एक गोष्ट सांगते. खंडेनवमीला घोड्यांच्या तोंडावरच्या म्होरक्या काढल्या गेल्या तेव्हा तुझे आबा पागेत नव्हतेच. ते घरच्या नवरात्रासाठी मूळ गावी गेले होते. सणाला घोडी धुवायची, म्होरक्या काढून तेल लावायचं, खरारे, नाल, म्होरक्या असं सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं, ही रीत केंद्राहून जुनी. त्या वर्षी त्या म्होरक्यांना माझ्या लसीच्या चाचणीचे नंबर लावलेले आहेत हे घोडी सांभाळणाऱ्या बाकीच्या मोतद्दारांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांना प्रत्येक घोडी नावाने माहीत होती. नंबर हा माझा प्रकार होता. दसऱ्याला म्होरक्या परत चढवल्या त्या मापाने चढवल्या, नंबराने नाही.

मग दोष आबांवर का आला? ते मुख्य मोतद्दार होते म्हणून. आणि त्यांनी मला कळवलं नाही म्हणून. म्हणजे, तसा अहवालात शेरा आहे.

शुक्रवारी पुन्हा गेले होते. आबा तळेगावला होते. रतनबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "या. बसा. तुमाला बरं हाय, लोनावळ्यात कोन वळकत न्हाई. हितं करोनाच्या साली पोरं ह्यांना लसवाले आबा म्हनायची. सुई टोचायला रांग लागली तवा तो पप्पू समद्यांम्होरं वराडला, 'आबा, तुमी लांब ऱ्हावा, न्हाईतर माजी सुई म्हशीला बसंल!' समदी हसली. ह्ये बी हसले. घरी आले आन् जेवले न्हाईत."

शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवत त्या म्हणाल्या, "लेक तरी हसली असती तर चाललं असतं. ती तर बोलंना."

मी शेंगा फोडल्या. बोलायला तोंड उघडलं आणि निवृत्तीची गाडी आली.

मी तुला सांगितलं होतं का, लहानपणी आम्हा मुलींना स्टेशनवरून कॉन्व्हेंटला अंबाजीचा टांगा न्यायचा? एका वर्षी लोणावळ्यात घोड्यांचा आजार आला. अंबाजीची घोडी मागच्या पायातून बसली. तो तिच्या पोटाखाली गोणपाटाचा झोला घालून, दोर झाडाला बांधून तिला उभी ठेवायचा प्रयत्न करत होता. आम्ही चालत शाळेत गेलो. परत येताना झोला रिकामा होता. त्या दिवशी मी ठरवलं की हा आजार कशाने होतो ते शोधायचं. ही गोष्ट मी आयुष्यात फार ठिकाणी सांगितली. भाषणांत सांगितली. अंबाजीने मला काही सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, हा प्रश्न मला हल्ली पडतो.

आबांना फोन कर. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी कर.

इरावतीमावशी


तुंगार्ली
१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

सारिका,

आज सगळं लिहिणार आहे. तुला माहीत आहे तेही लिहीन, कारण क्रमाने लिहिलं नाही तर मी पुन्हा कुठेतरी वळसा घेईन.

घोड्यांचा तो विषाणू कधी अंबाजीच्या घोडीसारखे मागचे पाय लुळे करतो, आणि गाभण घोडीला गाभ टाकायला लावतो. आपल्या लसीची शेवटची चाचणी २०१९ साली सुरू झाली. चोवीस गाभण घोड्या. बाराजणींना लस, बाराजणींना नुसतं मिठाचं पाणी. पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात एकेक टोचणी. कुणाला काय मिळतंय हे टोचणाऱ्याला कळू नये म्हणून बाटल्यांवर फक्त नंबर, आणि म्होरक्यांवर तेच नंबर. मी नियम केला होता की टोचताना माझ्यासमोर घोडीचं नाव घ्यायचं नाही. नाव कळलं की माया येते, आणि माया आली की हात पक्षपात करतो. हे मी सगळ्या मोतद्दारांना ओळीत उभं करून समजावलं होतं. तुझे आबा म्हणाले होते, "बिननावाची घोडी म्हंजे आडरानातलं जनावर, बाई. पर तुमी म्हनता तर न्हाई घेत नाव."

दुसरी टोचणी दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी होती. तू प्रयोगशाळेत होतीस. आबा आदल्या रात्री गावाहून आले होते. पहिलीच घोडी पुढे आणली आणि ते थांबले. तिच्या कपाळावर हात फिरवला. मला म्हणाले, "बाई, म्होरकी बदललीय. ही इंदू न्हाई, रेवा हाय. भवरा बगा हिचा. आनकी बी काही जनींच्या..."

मी त्यांचं वाक्य तोडलं. मी म्हटलं, "सोपान, नाव नको. नंबर वाच."

ते म्हणाले, "आवो पर..."

मी म्हटलं, "नंबर."

त्यांनी नंबर वाचला. सात. मी सात नंबरची बाटली घेतली आणि टोचलं. मग पुढची, मग त्यापुढची. चोवीस वेळा त्यांनी नंबर वाचला. आवाज चढला नाही की उतरला नाही.

मला त्यांचं म्हणणं ऐकू आलं होतं, सारिका. कळलंही होतं. पण एका मोतद्दाराने कपाळावरच्या केसांचा भोवरा बघून माझी चाचणी थांबवावी, हे माझ्या शिक्षणाला मानवलं नाही. मला वाटलं, ह्यांचा सण, ह्यांचे भोवरे, ह्यांच्या समजुती.

पुढचं तुला माहीत आहे. जानेवारीत बाहेरून एक घोडी आली आणि तिच्यासोबत आजार आला. अकरा घोड्यांनी गाभ टाकला. मी नंबर जुळवले. लसवाल्या बारांपैकी पाच, पाण्यावाल्या बारांपैकी सहा. म्हणजे लसीचा काही उपयोग नाही. काम बंद. त्याच रात्री मला आबांचं ते अर्धं राहिलेलं वाक्य आठवलं. चौकशी समिती बसली, एका मोतद्दाराने खंडेनवमीचं सांगितलं, आणि समितीने मला विचारलं, "म्होरक्या बदलल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "नाही."

एक शब्द. आबा भिंतीपाशी उभे होते. त्यांना विचारलं, "तुम्ही सांगितलं होतं का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ध्येनात न्हाई साहेब." त्यांना कामावरून काढलं. तू आपल्या बापाशी बोलणं टाकलंस. आणि मग तू माझी माफी मागितलीस, आणि मी ती घेतली.

कॉन्व्हेंटच्या चर्चमध्ये पापं सांगायचं एक लाकडी कपाट होतं. जाळीपलीकडे फादर बसायचे. आम्हा हिंदू मुलींना आत जायला मिळायचं नाही. आत गेलेल्या मुली दोन मिनिटांत बाहेर यायच्या आणि लगेच लंगडी खेळायच्या. मला त्यांचा फार हेवा वाटायचा. काल मी सदुसष्टाव्या वर्षी तुझ्या घराच्या ओट्यावर ते केलं, आणि त्यानंतर खेळावंसं काही वाटलं नाही.

मी म्हटलं, "सोपानराव, तुम्ही मला सांगितलं होतं. मी समितीपुढे खोटं बोलले."

ते म्हणाले, "मला म्हाईत हाय की."

"मग तुम्ही गप्प का राहिलात?"

"तुमी सारीला परदेशी जायाला शिफारशीचं पत्र लिवनार व्हता. तुमीच खोट्या पडला असता तर त्ये पत्र कोन वाचलं असतं?"

ते पुढे म्हणाले, "बाई, माजं जाऊंद्या. पर एक इचारू का? त्या दिशी संध्याकाळी म्या म्होरक्या परत नीट केल्या. ज्याची त्याला. तुमी नाव घिऊ नका म्हनला व्हता, म्हून बोललो न्हाई. त्यानं काय वाईट झालं का?"

सारिका, ते मला ठाऊकच नव्हतं. मी तिथेच बोटांवर हिशेब मांडला. म्होरक्या फक्त पाच दिवस चुकीच्या होत्या. म्हणजे पहिली आणि तिसरी टोचणी बरोबर, फक्त दुसरी चुकली. मी विचारलं, "किती घोड्या होत्या?" ते म्हणाले, "आठ." आणि डोळे मिटून सांगू लागले. आठ नावं, आठ भोवरे, कुणाची म्होरकी कुणाला गेली होती. सहा वर्षांनी. एकदाही अडखळले नाहीत. फक्त रेवाचं नाव घेताना म्हणाले, "हिचं शिंगरू पुरतं व्हतं वो. खूर बी आलं व्हतं."

घरी येऊन जुन्या यादीशी ताडून पाहिलं. त्या आठांतल्या चारजणींची लसीची दुसरी टोचणी हुकली होती. चौघींनीही गाभ टाकला. ज्या आठजणींना तिन्ही लसी नीट मिळाल्या, त्यांतली फक्त एक गेली. आणि ज्या आठजणींना तिन्ही वेळा पाणीच मिळालं, त्यांतल्या पाच. पाण्यावाल्या ज्या चौघींना चुकून एक लस मिळाली, त्यांतली एक.

लस चालत होती. तिला आपण सहा वर्षं पेटीत बंद करून ठेवलं. या सहा वर्षांत किती पागांमधून किती शिंगरं गेली असतील, ते तू माझ्यापेक्षा चांगलं सांगू शकशील. त्या नोव्हेंबरात काढलेलं रक्त केंद्राच्या शीतपेटीत अजून आहे. ते तपासलं तर दुसऱ्या टोचणीत कुणाला लस गेली आणि कुणाला पाणी, म्हणजे आबांचा शब्द खरा की खोटा, ते दोन दिवसांत कळेल. तेव्हाही कळलं असतं. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि मी विचारू दिलं नाही.

रतनबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. दरवेळी मला चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत. काल म्हणाल्या, "आज दूध न्हाई बाई." चुलीवर दूध तापत होतं.

हे पत्र आत्ता टपालात टाकायला जाते आहे.

इरावती


तुंगार्ली
१९ ऑक्टोबर २०२५

सारिका,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. लिहून झालं की पानांचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवीन. तू आज विमानात आहेस. उतरलीस की आधी हेच दिसेल. तुझ्या दारात माझं आणखी एक पाकीट पडलेलं असेल, एक तारखेचं. त्याला पोचायला अठरा-वीस दिवस लागतात हे मला माहीत होतं. ऑगस्टपासून माहीत होतं. तेवढे दिवस मला हवे होते, म्हणून मी फोन केला नाही, मेल केली नाही, तिकिटं चिकटवत बसले. सिस्टर बर्नार्डिनची गोष्ट खरी आहे, पण मी ती तुला सबब म्हणून सांगितली.

सहा तारखेला तुझे आबा गेले. त्याआधी दसऱ्याला तू त्यांना फोन केलास, ते एक बरं केलंस. रतनबाई सांगत होत्या, आबा तुला म्हणाले, "आमी चंदी खाल्ली, तू खाल्ली का?" आणि तू हसलीस. लहानपणी पागेत घोड्यांना दाणा घालून आल्यावर रोज तुला हेच विचारायचे ना? दोन मिनिटांचा फोन. पण त्या दोन मिनिटांतही तू त्यांना माफ करणारी होतीस, आणि ते माफ करून घेणारे.

दहाव्याला नदीकाठी तू माझ्याकडे आलीस. पांढरी ओढणी होती, डोळे सुजले होते. माझ्या पाया पडलीस आणि म्हणालीस, "मावशी, तुम्ही आबांना माफ केलंत ना?"

तुझ्यापर्यंत पत्र पोचलेलं नव्हतं. तू निघालीस तेव्हा ते वाटेत होतं.

मी म्हटलं, "माफी मला मागायची आहे गं त्यांची."

आणि तू माझे दोन्ही हात धरून म्हणालीस, "तुमचं मन किती मोठं आहे, मावशी."

तेव्हा मी तुझे हात सोडवून, भाऊबंदांसमोर, मोठ्याने सगळं सांगायला हवं होतं. समोर पिंड मांडले होते. कावळा शिवत नव्हता. धोंडिबाकाका वाट बघून बघून म्हणाले, "सोपानाचं काय ऱ्हायलंय रं?" निवृत्ती म्हणाला, "सारीला नीट सांबाळू म्हना." सगळ्यांनी म्हटलं. तूही म्हणालीस. रतनबाई माझ्याकडे बघत होत्या. मला माहीत होतं काय राहिलंय ते, आणि मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून लावला.

परतताना रतनबाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "ती हाय तवर तुमी सांगाल म्हून म्या गप ऱ्हायले. माज्या तोंडानं न्हाई सांगायची. ह्ये तुमचं हाय." पुढचे तीन दिवस तू घरात होतीस. परंदवडी इथून पाऊण तासावर आहे. मी दोनदा गाडीची किल्ली हातात घेतली.

काल मात्र केंद्रात गेले. समितीपुढे मी खोटं बोलले हे संचालकांना लिहून दिलं, सही केली. ते म्हणाले, "मॅडम, आता या वयात कशाला?" मी म्हटलं, "सोपानरावांचं वय संपलं म्हणून." नोव्हेंबरचं रक्त तपासायला काढलंय. तुझं नाव दिलंय की तपासणीत तुला घ्यावं. तू नाही म्हणालीस तरी चालेल. मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. मावशी म्हणणं सोडलंस तरी ते मला योग्यच वाटेल.

शिफारशीच्या त्या पत्राबद्दल एवढंच सांगते. त्यात तुझ्याबद्दल लिहिलेला शब्दन् शब्द खरा होता.

आबांनी सांगितलेली यादी खाली उतरवते. त्यांच्याच शब्दांत आहे. मी काही सुधारलेलं नाही. मी त्यांना चोवीस वेळा नंबर वाचायला लावले, आणि त्यांनी वाचले. तू ही नावं वाच. मनात नको, मोठ्याने वाच.

रेवा – कपाळावर दोन भवरे, डावा जरा वर. हिची म्होरकी इंदूला.
इंदू – एकच भवरा, मधोमध. हिची रेवाला.
चांदणी – भवरा डाव्या डोळ्याच्या वर. हिची बिजलीला.
बिजली – दोन, एकाखाली एक. हिची चांदणीला.
मैना – भवरा उलटा फिरतो. हिची जास्वंदीला.
जास्वंद – मानेवर बी एक हाय. हिची मैनेला.
लाडी – भवरा पांढऱ्या टिक्क्यात. हिची गंगूला.
गंगू – हिला हात लावला की डोळे मिटती. भवरा बगायची गरज न्हाई.